नाळेला गाठ पडली म्हणजे बाळाला धोका असतोच का?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जून २०२४ मध्ये महिनाभरात २१ नवजात बाळे दगावली. रुग्णालयाने तेव्हा प्रामुख्याने कमी वजन आणि मुदतपूर्व जन्म ही कारणे दिली. तरीही अशी बातमी आली की गर्भवतींच्या घरचे हमखास विचारतात, "डॉक्टर, नाळेमुळे तर नसेल ना?"

नाळ मानेभोवती गुंडाळलेली असणे वेगळे आणि नाळेला गाठ असणे वेगळे. मानेभोवतीचा वेढा साधारण चार-पाच बाळांमागे एकाला असतो आणि बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. खरी गाठ शंभरात एखाद्या गर्भारपणात आढळते. नाळ लांब असेल, गर्भजल जास्त असेल किंवा जुळी बाळे एकाच पिशवीत असतील, तर तिची शक्यता वाढते. नाळेतील रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखे घट्ट आवरण असते, त्यामुळे सैल गाठीतून रक्त वाहत राहते. गाठ घट्ट आवळली, तर मात्र बाळाचा प्राणवायू तुटतो. गाठ असलेल्या गर्भारपणात बाळ पोटातच दगावण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट असल्याचे काही अभ्यासांत दिसले. पण मुळात हा धोका शेकड्यात एकापेक्षा कमी असल्याने चौपट होऊनही बहुतेक बाळे सुखरूपच असतात.

ही गाठ सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. प्रसूतीनंतरच कळते. दिसली तरी ती सोडवता येत नाही. त्यामुळे "आधीच का सांगितले नाही?" हा राग समजण्यासारखा असला, तरी प्रत्येक वेळी त्यामागे चूक असतेच असे नाही. आईची तर नसतेच. हात वर करून कपडे वाळत घातले, ग्रहणात काही केले म्हणून गाठ पडत नाही. अशा घरात सुनेला बोल लावलेले मी ऐकले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

हातात काय आहे? बाळाची हालचाल. २८ आठवड्यांनंतर ती नेहमीपेक्षा कमी वाटली, तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, तर उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा. हालचाल पूर्ण थांबली असेल तर मोजत बसू नका. तिथे बाळाच्या ठोक्यांचा आलेख आणि गरजेनुसार डॉपलर करतात. शहापूर-मुरबाडहून येणाऱ्यांनी वाहन शोधण्यात वेळ घालवू नये, १०८ लावावा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वाहतूक, तपासण्या व सिझेरियन मोफत आहे.