गॅरेजपर्यंत न पोचणारा आवाज

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी सेल्फ मारला की दोन सेकंद खर्रर्र असा आवाज येतो आणि मग इंजिन निमूट चालायला लागतं. मालक काळजीने गाडी गॅरेजला नेतो. मेकॅनिक बोनेट उघडतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, दोनदा बंद-चालू करून पाहतो आणि सांगतो, ‘काही नाही साहेब, गाडी ओके आहे.’ यात खोटं कोणीच बोलत नाही. आवाज केला गार इंजिनाने आणि गॅरेजात पोचलं ते सात-आठ किलोमीटर चालून तापलेलं. त्यामुळे सुरू होतानाच्या आवाजाचं निदान आपण मेकॅनिकच्या कानावर सोडतो तिथेच चूक होते. त्या दोन सेकंदांचा साक्षीदार बहुधा मालक एकटाच असतो. त्याने आवाज कसा होता यापेक्षा तो नेमका कधी आला हे सांगितलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

‘कधी’ला एवढं महत्त्व का, हे सुरू होण्याच्या क्रमातून कळतं. इंजिन फिरण्याआधीच कटकटकट असा भरभर आवाज आला तर तो बहुतेक वेळा बॅटरीचा असतो. सेल्फचा सोलेनॉइड ओढला जातो, मोटर विजेवर ताण टाकते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर ती थकली समजावं. पण कधी कधी बॅटरी ठणठणीत असते आणि दोष टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा असतो. ती घासून काढायला दहा मिनिटं लागतात. ‘सेल्फ गेला’ एवढंच सांगितलं, तर तेवढ्यासाठी अख्खा सेल्फ बदलला जाऊ शकतो. उलट, एकच जोरदार ‘टक’ होऊन शांतता पसरली तर संशय सोलेनॉइड, मोटर किंवा अर्थिंगच्या वायरीकडे जायला हवा.

इंजिन फिरतानाच दातावर दात घासल्यासारखा आवाज आला तर तो सेल्फच्या बेंडिक्सचा आणि फ्लायव्हीलच्या रिंगचा. गंमत अशी की हा आवाज रोज येत नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागांवरच थांबतं, म्हणून रिंगचे दातही तिथेच जास्त झिजतात. आज त्या जागेवर थांबलं तर आवाज होतो, उद्या थोडं पुढे थांबलं तर होत नाही. ‘कधी येतो, कधी येत नाही’ ही तक्रार ऐकून मेकॅनिक हसतो खरा, पण तीच इथे सगळ्यात उपयोगी माहिती असते.

सुरू झाल्यानंतरचा एक-दोन सेकंदांचा खडखडाट वेगळा. अनेक इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रीतून ऑइल खाली उतरलं तर दाब येईपर्यंत चेन सैल राहते. ऑइल फिल्टरमध्ये ते मागे गळू न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो. स्वस्त नकली फिल्टरमध्ये तो टिकत नाही किंवा नसतोच. फिल्टर बदलून भागलं असतं तिथे दुर्लक्ष केलं, तर पुढे चेनचं काम निघू शकतं. पावसाळ्यात येणारी किंचाळी मात्र बेल्टची. फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबूनच थोडं पाणी उडवावं: आवाज क्षणभर थांबला तर बेल्ट झिजलेला किंवा पुली तिरकी, वाढला तर बेल्ट सैल.

यावर कोणी म्हणेल, आता स्कॅनर आहे, कानांचं काय काम? स्कॅनर सेन्सर सांगतील तेवढंच वाचतो. झिजलेला दात किंवा फिल्टरमधला सुकलेला रबर पाहणारा सेन्सर नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: असं ऐकायला लागलं की माणूस प्रत्येक टिकटिकीला घाबरेल. खरं आहे. चावी फिरवताच मागच्या सीटखाली घुमणारा पेट्रोल पंप, इंजेक्टरची टिकटिक, गार असताना चढलेला आयडल, हे सगळं निरोगीच आहे. म्हणून गाडी चांगली असतानाच एकदा तिचा सकाळचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवावा. पुढे तुलना त्याच्याशी करावी, शेजाऱ्याच्या गाडीशी नव्हे. आणि ‘तापल्यावर जातो ना, मग राहू दे’ हा युक्तिवाद तर फसवाच. एक्झॉस्टच्या गॅस्केटमधली फट धातू तापून फुगला की बुजते, म्हणून टिकटिक थांबते. गार झाली की ती फट पुन्हा तिथेच असते.

गॅरेजवाल्यांनीही थोडं बदलायला हवं. सुरू होतानाच्या आवाजाची तक्रार असेल तर जॉब कार्डावर ‘रात्री ठेवणे, सकाळी गार असताना ऐकणे’ एवढी ओळ लिहायला काय हरकत आहे? जागा अडते हे मान्य. पण चुकीचा पार्ट बदलून तीच गाडी आठवड्याने परत आली, तरी जागा अडतेच.

मोबाइल काढण्याला अपवाद एकच. आवाज खोल, ठोके घातल्यासारखा असेल, रेस वाढवली की वाढत असेल आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर रेकॉर्डिंगसाठीसुद्धा दुसऱ्यांदा सेल्फ मारू नये. इंजिन बंद करावं, डिपस्टिक पाहावी आणि गाडी टो करूनच न्यावी.