बिल ६० हजारांचं, खात्यात ५४ हजार: बोळिंजच्या नव्या फ्रीलान्सरने टॅक्सचा हिशोब कसा ठेवायचा?

समजा, विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये राहणारा एक मुलगा आहे. वय २५. दोन वर्षं रोज सकाळी विरार लोकलमध्ये स्वतःला कोंबून अंधेरीच्या एका एजन्सीत व्हिडिओ एडिटिंग करत होता. मग एजन्सीने सांगितलं, काम तेच राहील, पैसेही तेवढेच, पण आता तू कर्मचारी नाहीस, ‘कन्सल्टंट’ आहेस. घरून काम कर, दर महिन्याला ६० हजारांचं बिल पाठव.

प्रवास वाचला म्हणून तो खूश. पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा मात्र खात्यात ५४ हजारच होते. अकाउंट्सवाल्यांना विचारलं तर उत्तर आलं, “टीडीएस.” पगारातून कधी एवढा टीडीएस कापला गेला नव्हता, मग आताच का?

हा मुलगा काल्पनिक आहे, त्याचा प्रश्न नाही. वसई-विरार पट्ट्यात घरून काम करणारे एडिटर, डिझायनर, कोडर, अकाउंटंट, कंटेंट रायटर यांची पहिली गाडी अडते ती इथेच.

सहा हजार गेले कुठे?

पगार देताना कंपनी तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन टॅक्स कापते. उत्पन्न करपात्र नसेल तर काहीच कापत नाही. प्रोफेशनल फीचं तसं नसतं. आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४जे नुसार अशा फीवर सरसकट १० टक्के टीडीएस कापला जातो. एका क्लायंटकडून वर्षभरात मिळणारी रक्कम ५० हजारांपुढे गेली की हे लागू होतं. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती. काही तांत्रिक सेवांसाठी दर २ टक्के आहे, आणि काम ‘काँट्रॅक्ट’ या सदरात बसवलं तर कलम १९४सी खाली व्यक्तीसाठी १ टक्का. पॅन दिला नसेल तर थेट २० टक्के.

महिन्याला सहा हजार म्हणजे वर्षाला ७२ हजार. हा टॅक्स ‘भरला गेला’ असं अनेकजण समजतात आणि विषय सोडून देतात. खरं तर ती तुमच्या नावावर सरकारकडे ठेवलेली आगाऊ रक्कम आहे. वर्षाअखेरीस तुमचा खरा टॅक्स किती निघतो, त्यावर ती परत मिळणार की नाही ते ठरतं.

आपल्या मुलाचा हिशोब करू. वर्षाची बिलं ७ लाख २० हजारांची. लॅपटॉपचा घसारा, इंटरनेट, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, हार्ड डिस्क, विजेच्या बिलातला कामाचा वाटा असा खर्च दीड लाख. उरले ५ लाख ७० हजार. २०२५-२६ साठी नव्या कर प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर शून्य आणि पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के दर आहे. म्हणजे टॅक्स झाला ८,५००. पण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ६० हजारांपर्यंतची सूट असल्याने तोही शून्य. त्यामुळे ७२ हजार पूर्ण परत मिळायला हवेत.

अट एकच: विवरणपत्र भरायला हवं. तसंही एखाद्याचा वर्षाचा टीडीएस २५ हजारांहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी ते भरणं बंधनकारकच आहे. मूळ मुदत चुकली तर लेट फी भरून ३१ डिसेंबरपर्यंत संधी असते. तीही गेली तर पुढे भरता येणाऱ्या ‘अपडेटेड रिटर्न’मधून रिफंड मागता येत नाही. मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करत बसावं लागतं.

आणि हो, सोशल मीडियावर फिरणारा ‘पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हा आकडा फ्रीलान्सरसाठी नाही. त्यातले वरचे ७५ हजार म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन. ते पगारदारांना आणि पेन्शनरांना मिळतं. तुमची हद्द १२ लाखांची.

‘अर्धंच उत्पन्न दाखवा’ हा सल्ला कितपत खरा?

फ्रीलान्सरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वात जास्त फिरणारं कलम म्हणजे ४४एडीए. त्यानुसार एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवली की खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. जमा ५० लाखांपर्यंत असावी लागते, रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत.

सोय चांगली आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. कायद्यात ठरावीक व्यवसायांची यादीच आहे: वकिली, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरियर डेकोरेशन, आणि नंतर अधिसूचनेने आलेले माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी, फिल्म आर्टिस्ट वगैरे. फ्रीलान्स कोडर यात आरामात बसतो. ‘फिल्म आर्टिस्ट’च्या व्याख्येत एडिटर हा शब्द आहे, पण तो सिनेमाच्या निर्मितीत काम करणारा एडिटर. ब्रँडसाठी रील कापणारा त्यात बसतो का, हे स्पष्ट नाही. कंटेंट रायटर आणि सोशल मीडिया मॅनेजर तर यादीत नाहीतच. त्यांना काही सल्लागार कलम ४४एडी सुचवतात. त्यात डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवला तरी चालतं. पण ते कलम ‘बिझनेस’साठी आहे, आणि यादीबाहेरच्या प्रोफेशनला ते लागू होतं का यावर सीए मंडळींमध्येच एकमत नाही.

आता बोळिंजचा संदर्भ बघा, कारण खरी गोम इथे आहे.

बोळिंज म्हटलं की अनेकांना म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळिंज वसाहत आठवते. तिथली घरं इतकी वर्षं पडून राहिली की म्हाडाला ती ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ तत्त्वावर विकायला काढावी लागली. ते घर घ्यायचं असो की शेजारच्या बिल्डरचं, पगाराची स्लिप नसलेल्या माणसाकडे उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्रच मागितलं जातं. बँका साधारण दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रं बघतात आणि त्यातल्या उत्पन्नावर तुम्हाला किती हप्ता झेपेल ते ठरवतात.

आपल्या मुलाने ५० टक्क्यांचा मार्ग धरला तर कागदावर त्याचं उत्पन्न ३ लाख ६० हजार. ६ टक्क्यांचा धरला तर ४३ हजार २००. वर्षाचे, महिन्याचे नव्हे. एवढ्यावर गृहकर्ज कोण देणार? उलट खरा नफा, म्हणजे ५ लाख ७० हजार, दाखवला तर टॅक्स शून्यच राहतो आणि कर्जाची पात्रता वाढते. १२ लाखांच्या सवलतीनंतर कमी उत्पन्न दाखवण्यात लहान फ्रीलान्सरचा फायदा काहीच उरलेला नाही. तरी जुना सल्ला तसाच फिरतोय.

याहून वाईट सल्ला म्हणजे ‘पूर्ण रिफंड काढून देतो’ म्हणणारे एजंट. ते जुन्या प्रणालीत खोट्या देणग्या, खोटं घरभाडं, खोटा विमा दाखवतात आणि रिफंडमधला हिस्सा घेतात. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशा दाव्यांविरुद्ध देशभर तपासणी सुरू केल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे दावे स्वतःहून मागे घेतल्याचंही विभागाने सांगितलं होतं. नोटीस येते ती पॅनधारकाला, एजंटला नाही. आणि वर दिलेल्या हिशोबात बघितलंच, की बऱ्याच लहान फ्रीलान्सरना खरं सांगूनही पूर्ण रिफंड मिळतोच.

वही कशाची ठेवायची?

४४एडीए लागू नसेल आणि वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपुढे किंवा जमा २५ लाखांपुढे असेल, तर हिशोबाची वही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. घाबरण्यासारखं यात काही नाही. एक स्प्रेडशीट पुरते. बिलाचा क्रमांक, तारीख, क्लायंटचं नाव, बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस, खात्यात आलेली रक्कम, आलेली तारीख. दुसऱ्या पानावर खर्च. कामासाठी बँकेचं वेगळं खातं काढलं तर निम्मी वही बँकच लिहून देते. घरच्या किराण्याचे यूपीआय आणि क्लायंटचे पैसे एकाच खात्यात असतील, तर मार्च महिन्यात डोकं धरून बसायची वेळ येते.

खर्चात काय धरता येतं? कामाशी ज्याचा संबंध दाखवता येतो ते. महावितरणचं पूर्ण बिल नाही, पण कामाच्या खोलीचा वाजवी वाटा चालतो. लॅपटॉपची किंमत एका वर्षात वजा होत नाही, दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. तोही पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्मा. मीटिंगसाठी चर्चगेटला गेलात तर ते तिकीट खर्चात, डी-मार्टची फेरी नाही. एका दिवसात एकाच माणसाला १० हजारांहून जास्त रोख दिले तर तो खर्च मोजला जात नाही.

सगळ्यात उपयोगी पडते ती टीडीएसची नोंद. क्लायंटने टीडीएस कापला पण सरकारकडे भरलाच नाही, असं घडतं. मग फॉर्म २६एएस मध्ये तुमच्या नावावर काहीच दिसत नाही आणि रिफंड अडकतो. कलम २०५ सांगतं की एकदा कापलेला टॅक्स करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं होतं. पण टॅक्स कापला गेला हे सिद्ध कोण करणार? तुम्हीच. ६० हजारांचं बिल, खात्यात आलेले ५४ हजार आणि ‘टीडीएस वजा करून’ असं लिहिलेला क्लायंटचा मेल, हे तीन कागद एकत्र असतील तरच बाजू भक्कम राहते. त्यामुळे २६एएस दर तिमाहीला उघडून बघावा, वर्षाअखेरची वाट बघू नये. शेवटच्या तिमाहीची नोंद यायला जून उजाडतो, म्हणून एप्रिलमध्येच घाईने विवरणपत्र भरण्यातही अर्थ नाही.

बिलाचा आणखी एक उपयोग. उद्यम नोंदणी मोफत होते, आणि सेवा देणारा एकटा माणूसही ‘सूक्ष्म उद्योग’ ठरू शकतो. ती असेल तर क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं आणि मार्चअखेरपर्यंत थकवलेली रक्कम त्या वर्षी क्लायंटला स्वतःच्या खर्चात धरता येत नाही. ‘पुढच्या आठवड्यात करतो’ म्हणणाऱ्या अकाउंट्स विभागाला हे एकदा मेलवर लिहून बघायला हरकत नाही.

जीएसटीची भीती मात्र अनेकांना उगाच असते. सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत नोंदणी लागत नाही. परदेशी क्लायंटचे पैसे या २० लाखांत मोजले जातात. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं मात्र बेकायदा आहे.

अॅडव्हान्स टॅक्सची गरज टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त टॅक्स उरत असेल तरच. तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला चार हप्त्यांत भरायचा, ४४एडीए वाल्यांनी एकदम १५ मार्चपर्यंत.

२०० रुपये कापणारं आता कोणी नाही

महाराष्ट्रातला फ्रीलान्सर हमखास विसरतो तो व्यवसाय कर. नोकरीत असताना स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसायचे. राज्याने हा कर १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. वर्षाला एका माणसाकडून २,५०० रुपयांहून जास्त घेता येत नाहीत, ही मर्यादा थेट राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये आहे, आणि ती १९८८ पासून वाढलेली नाही.

नोकरी सुटली की कापणारा जातो, कर जात नाही. वकील, डॉक्टर, तांत्रिक आणि व्यावसायिक सल्लागार असे स्वतंत्रपणे काम करणारे स्वतः नावनोंदणी करून पीटीईसी क्रमांक घेतात आणि वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरतात. हे राज्याच्या महाजीएसटी वेबसाइटवर होतं. महिलांना दरमहा २५ हजारांपर्यंत जी माफी आहे ती पगारावर आहे, फ्रीलान्स कामावर नाही. भरलेले २,५०० रुपये कामाचा खर्च म्हणून वहीत लिहिता येतात.

राहिला ‘कन्सल्टंट’ हा शब्द. त्याच एजन्सीत, त्याच बॉसखाली, ठरलेल्या वेळेत, दुसरं काम घ्यायला बंदी असताना काम करणारा माणूस खरोखर कन्सल्टंट आहे का? पीएफमधला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे सगळं त्या एका शब्दाने जातं. म्हणजे ६० हजारांचा पगार आणि ६० हजारांचं बिल ही एकच रक्कम नव्हे. नव्या करारावर सही करण्याआधी तो फरक दरात मागून घ्यायचा असतो. बहुतेकजण मागत नाहीत, कारण त्या क्षणी लोकलचा प्रवास वाचला एवढंच दिसत असतं.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले. टीडीएसची बहुतेक कलमं ३९३ मध्ये एकत्र आली, ४४एडीए ची तरतूद कलम ५८ मध्ये गेली, आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. २०२५-२६ मधल्या कमाईचं विवरणपत्र मात्र जुन्या कायद्यानुसारच भरायचं आहे. त्यामुळे यंदा क्लायंटच्या कागदांवर जुने आणि नवे असे दोन्ही क्रमांक दिसले तर गोंधळून जाऊ नका. मार्चपर्यंतची बिलं एका फोल्डरमध्ये आणि एप्रिलपासूनची दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा.