गटात एक तरी अंध माणूस हवा

सहा-सात महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा धरला की ते झडप घालतं. बाळ जन्मतः अंध असेल तर खुळखुळा कितीही वाजवला तरी हात पुढे येत नाही. बाळ थबकतं, ऐकतं, एखाद्या वेळी मान तिरकी करतं, पण हात जागच्या जागी. आईच्या पोटात गोळा येतो. दिसत नाही हे कळलं होतंच, आता समजतही नाही की काय? नेत्रतज्ज्ञाचं काम डोळ्यापाशी संपलेलं असतं. गावातल्या बालरोगतज्ज्ञाने असं बाळ क्वचितच हाताळलेलं असतं. घरात सल्ल्यांना तोटा नसतो, पण त्यातला एकही या हाताबद्दलचा नसतो.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकी बाईंनी मिशिगनमध्ये अंध बाळांच्या घरी जाऊन त्यांची वाढ वर्षानुवर्षं टिपली आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. डोळस बाळाला वस्तू आणि तिचा आवाज एकदमच मिळतात. अंध बाळाच्या लेखी मात्र आवाज हा हवेतला नुसता आवाज असतो. त्यामागे हातात धरता येईल असं काहीतरी आहे, हे त्याला स्वतःच शोधून काढावं लागतं, आणि ते साधायला पहिल्या वर्षाचा शेवट उजाडतो. तोवर रांगणंही लांबतं, कारण कशाकडे जायचं हेच ठाऊक नसतं. म्हणून खुळखुळा दुरून वाजवत बसू नये. आधी हातात द्यावा, मग हाताला लागेल इतक्या जवळ वाजवावा आणि वाट पाहावी. बाळाचा चेहरा फारसा बोलत नसला तरी त्याची बोटं बोलत असतात, तिकडे बघावं, असंही फ्रायबर्गबाईंनी सांगून ठेवलं आहे.

हे पुस्तक आपल्याकडच्या कुठल्या आईच्या हाती पडणार? पण अंध मुलांच्या पालकांच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात रात्री उशिरा हाच प्रश्न पडतो, आणि कुणीतरी ताई लिहितात, ‘आमचीही वर्षाची होईपर्यंत हात पुढे करत नव्हती, आता घर डोक्यावर घेते.’ ताईंना फ्रायबर्ग माहीत नाहीत आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. त्या रात्री विचारणाऱ्या बाईला झोप लागते.

मोबाइलने घरात काय काय केलं यावर लिहिताना या सदरात माझी कुरकुरच जास्त असते. आज थोडं वेगळं. अंधत्व घेऊन येणारं मूल हजारात एकही नसतं, असा आपल्याकडचा अंदाज आहे. म्हणजे गावात बहुधा तुमचं एकटंच. मधुमेहाला शेजारी मिळतो, संधिवाताला तर अख्खी चाळ मिळते. पण दोन वर्षांच्या अंध मुलाला पोळीचा तुकडा मोडायला कसं शिकवायचं, तो सारखी बोटं डोळ्यांत का खुपसतो, भरल्या बाजारात कानांवर हात का ठेवतो, हे विचारायला शेजारी मिळत नाही. अंधशाळा आहेत, त्यांतल्या काही शंभरी ओलांडलेल्या आहेत, पण त्यांच्याशी संबंध येतो तो मूल शाळेच्या वयाचं झाल्यावर. पहिली पाच वर्षं कोरी जातात. अंतर हीच अडचण असेल तर फोनसारखा इलाज नाही, आणि इथे तो कुरकुर न करता मान्य करावा लागतो.

अंतराची ही अडचण किती जुनी आहे, याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण हेलन केलरचं. पण आपण त्या गोष्टीत हेलन आणि तिच्या बाई एवढंच लक्षात ठेवतो, आईला विसरतो. केट केलर अलाबामातल्या टस्कंबिया या लहानशा गावात राहत होत्या. मुलगी एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले. गावात विचारणार कुणाला? पुढे त्यांच्या वाचनात चार्ल्स डिकन्सचं अमेरिकेतल्या प्रवासाचं पुस्तक आलं, १८४२ सालचं. त्यात बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत शिकलेल्या लॉरा ब्रिजमन या बहिऱ्या-अंध मुलीची हकिकत होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली काही पानं, एवढाच धागा. तो धरून केलर कुटुंब १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलं. डोळ्यांसाठी काही करता येणार नाही असं सांगून त्यांनी वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठवलं, बेल यांनी पर्किन्सला लिहा म्हटलं, आणि ३ मार्च १८८७ रोजी हेलनला शिकवायला ॲन सुलिव्हन टस्कंबियाला उतरल्या. पुस्तक, आगगाडी, पत्र असा तो सगळा खटाटोप. आज तो एका रात्रीत उरकतो.

पण या गोष्टीत त्याहून महत्त्वाचं काही आहे. आलेली बाई कोण होती? ॲन सुलिव्हन यांची नजर लहानपणी खुपऱ्यांनी जवळजवळ गेली होती, शस्त्रक्रियांनी थोडी परत आली होती. त्या पर्किन्सच्याच विद्यार्थिनी. हातावर बोटांनी अक्षरं काढण्याची जी लिपी त्यांनी हेलनला शिकवली, ती त्या स्वतः शिकल्या लॉरा ब्रिजमनकडून. म्हणजे डोळस आईची शोधाशोध जिथे पोचली, तिथे तिला भेटलं ते अंधत्व जगून शिकलेलं माणूस. नुसती दुसरी दुःखी आई भेटली असती तर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या असत्या. तेही लागतंच. पण हेलन तिथेच राहिली असती.

आपल्याकडच्या पालकांच्या गटांबद्दल माझं म्हणणं इथून सुरू होतं. या गटांत बहुधा सगळे डोळस असतात. आया, थोडे बाबा, एखादी विशेष शिक्षिका, एखाद-दुसरा उपकरणं विकणारा. ज्या अवस्थेबद्दल दिवसभर बोलणं चालतं, ती जगणारं माणूस गटात नसतंच. डोळस माणूस डोळे मिटून अंधत्वाची कल्पना करतो, आणि त्या कल्पनेत फक्त घाबरलेपण असतं. त्या घाबरलेपणातून मग दोनच गोष्टी निघतात, काळजी आणि इलाजाचा शोध.

इलाजाच्या शोधावर थोडं कडक बोलायला हवं. ‘अमुक देशात अंध मुलं बघू लागली’ ही बातमी गटात फिरली नाही असा महिना जात नसेल. त्यातली काही खरीही असते. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत डोळ्याच्या पडद्याच्या एका जन्मजात विकारासाठी जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. पण तो उपचार फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर चालतो, आणि पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असतील तरच. फॉरवर्डमध्ये हे वाक्य गळालेलं असतं. त्याच वर्षी आणखी एक बातमी आली होती, ती मात्र फिरली नाही. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये स्वतःच्या चरबीतल्या मूळ पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन वयस्क स्त्रियांची होती नव्हती ती नजरही गेली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ते सविस्तर छापलं. मूळ पेशींची जाहिरात गटात आली की ही बातमी तिच्याखाली डकवावी.

फॉरवर्ड करण्याजोगा वैद्यकीय निरोप एकच आहे, आणि तो आपल्या गटात ठेवण्यापेक्षा नात्यागोत्यात पाठवण्याचा आहे. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं असेल, तर तीस दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला हवा, आणि बाळ फारच लवकरचं असेल तर त्याच्याही आधी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं हे अंधत्व वेळेवर लेझर केलं तर बहुतेक वेळा टळतं. ज्यांच्या बाळाचं टळलं नाही, त्या पालकांनी हा निरोप पुढे पाठवणं सोपं नसतं. तरी तेच पाठवतात, हे मी पाहिलं आहे.

बरं, अंध प्रौढ गटात का नाहीत? त्यांना कुणी बोलावत नाही, हे एक कारण. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. बोलावलं तरी त्यांना गट वाचताच येत नाही. महाराष्ट्रात बँकेत, शाळेत, रेल्वेत काम करणारे अंध स्त्री-पुरुष फोनवरच्या टॉकबॅकने संदेश ऐकतात. फोन मजकूर मराठीत वाचून दाखवतो, पण मजकूर असेल तर. अंध मुलांच्या पालकांचा गट उघडून पाहा. सकाळी फुलांवर छापलेले सुविचार. मग शिबिराची रंगीत जाहिरात, तारीख-वेळ-पत्ता सगळं चित्रात. मग शासन निर्णयाच्या कागदाचा वाकडा फोटो. मग ‘ही माहिती महत्त्वाची आहे, जपून ठेवा’ असं लिहिलेलं आणखी एक चित्र. अंध सभासदाच्या कानावर पडतं ते ‘फोटो, फोटो, फोटो’. अंध मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीची माहिती अंध माणसाला वाचता येऊ नये, ही करामत आपणच करू जाणे.

आता चित्राचं वर्णन करणारी, त्यातली अक्षरं वाचून दाखवणारी ॲप आली आहेत हे खरं. पण रोजची वीस-पंचवीस चित्रं एकेक करून दुसऱ्या ॲपात न्यायची, आणि त्यातून निघणार काय, तर ‘शुभ सकाळ’! दोन दिवसांत माणूस गट गप्प करून टाकतो. उपाय तर फुकटचा आहे. जाहिरातीच्या फोटोखाली तारीख, ठिकाण, फोन नंबर एवढं टाइप करावं. शासन निर्णयातली कामाची चार वाक्यं लिहून काढावीत. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवावं. इतर गटांत लांबलचक ध्वनिसंदेशांना नाकं मुरडली जातात, पण इथे शिक्षण कमी असलेली आई आणि अंध प्रौढ यांना सारखाच सोयीचा तो एकच प्रकार आहे. सुविचारांवर मात्र सरळ बंदी घालावी, आणि हे मी फक्त अंधांसाठी म्हणत नाही.

फोटोंवरून आणखी एक गोष्ट, थोडक्यात. मुलाचे तपासणी अहवाल, रडतानाचे व्हिडिओ, शी-शूच्या तक्रारी आपण गटात टाकतो. ते मूल उद्या स्वतःचा फोन वापरणार आहे. आपल्याबद्दल काय काय लिहिलं गेलं, ते त्याला ऐकता येणार आहे.

अमेरिकेत अंधांनीच १९४० मध्ये उभी केलेली नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संघटना आहे. अंध मुलांच्या पालकांची देशभरची संस्था १९८३ पासून तिचाच एक विभाग म्हणून काम करते. पालकांनी अंधांना बोलवायचं नाही, अंधांच्या घरात पालकांनी यायचं, अशी ती उलटी मांडणी. मला ती फार आवडते. आपल्याकडे तेवढं नसेल जमत, तर निदान प्रत्येक गटात दोन-तीन अंध प्रौढ असावेत, आणि त्यांतला एक ॲडमिन.

फरक लगेच दिसतो. ‘फोन बोलतो, मग ब्रेल कशाला’ हा वाद घ्या. डोळस पालकांत तो कधीच मिटत नाही. अंध शिक्षक एका ओळीत सांगतात, की ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच, शुद्धलेखन बोटांनीच येतं. मग तेच आईला धीर देतात, की ताई, तुम्ही डोळ्यांनी ब्रेल शिका, सहा टिंबांचा तर खेळ आहे. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नाही, नंतर येते, तिथे सगळ्यांचीच चूक होते. दहावीला लेखनिक कसा मागायचा, तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात ती अर्जात कुठे लिहायची, हे त्यांनी स्वतः झगडून मिळवलेलं असतं.

सगळ्यात मोठं भांडण पांढऱ्या काठीवरून होतं. काठी कधी द्यायची? बाबा लोकांचं म्हणणं, मोठा होऊ दे, आत्तापासून कशाला गावभर दाखवायचं. अंध मंडळी म्हणतात, चालायला लागला की द्या. डोळस मूल पायरी यायच्या आधी पायरी बघतं, मग आमच्याच मुलाने ती आपटून का ओळखायची? त्यावर कुणी आपल्या रस्त्यांची अवस्था काढतं, उघडी गटारं, फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकली, इथे काठी काय करणार? मग एखादे अंध सर ध्वनिसंदेश पाठवतात, पाठीमागे बसस्टँडचा गलका ऐकू येत असतो, ‘अहो, मी आत्ता याच रस्त्यावरून ऑफिसला निघालोय.’ बाबांना ते पटतंच असं नाही. पण पुढचा प्रश्न बहुधा त्यांचाच असतो, लहान मुलाच्या उंचीची काठी मिळते कुठे?