राक्षसाला रंग देताना

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भित्तिचित्रात तथागतांभोवती माराची विक्राळ सेना दिसते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याची चित्रे पुन्हा रेखाटली. त्यांतील कित्येक १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाली.

आज बारामती-इंदापूरची आपली मुले तसे काम संगणकावर, थरावर थर चढवून, करू शकतात. त्यांनी ते अवश्य शिकावे. मात्र राक्षस म्हटला की हात काळ्या रंगाकडे वळतो. ही सवय निरागस नाही. जोतीरावांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’तून राक्षस ठरवल्या गेलेल्यांची बाजू मांडली. सुत्तनिपातात तर माराची सेना म्हणजे तृष्णा, आळस आणि भय. त्यांना कातडीचा रंग कोठून असणार? म्हणून रंग निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने विचारावे : याला राक्षस कोणी ठरवले?