परीक्षेतली जर्मन आणि वॉर्डातली जर्मन

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिकांपासून इलेक्ट्रिशियन, वाहनचालकांपर्यंत वेगवेगळ्या व्यवसायांतले दहा हजार तरुण पहिल्या टप्प्यात पाठवायचे आणि त्यांना आधी मोफत जर्मन शिकवायचे, अशी ही योजना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून ‘चार महिन्यांत जर्मन’ अशा पाट्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या. चर्चा पगाराची, व्हिसाची आणि एजंटांची होते. ज्या गोष्टीवर सगळे अडते, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाला नवी भाषा बोलता आणि मुख्य म्हणजे ऐकून समजता येणे, तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात आसगाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला, धान पिकवणारा हा मुलूख. समजा, या गावातली जीएनएम झालेली एखादी मुलगी जर्मनीला जायचे ठरवते. घरात झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी, नर्सिंग कॉलेजात इंग्रजी अशा चार भाषा ती आधीच वापरते आहे. ‘गावच्या मुलीला जर्मन कशी जमणार’ असा प्रश्न विचारणारे हे सहसा विसरतात. आयुष्यभर एकच भाषा बोललेल्या माणसापेक्षा तिचा कान कितीतरी तयार आहे.

तरी अडचण आहे, आणि ती कानापासूनच सुरू होते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना आपल्याकडचे ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोन आवाजांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो गेला. मेंदू घरात ऐकू येणाऱ्या आवाजांचे कप्पे करतो आणि बाकीचे फरक ‘बिनकामाचे’ म्हणून सोडून देतो. इंग्रज माणूस आयुष्यभर ‘त’ला ‘ट’ म्हणतो तो याच कारणाने. त्यात त्याचा आळस नसतो. मराठी माणसाचेही जर्मनमध्ये असेच होते. ओठांचा चंबू करून काढायचा जर्मन ‘उ’ आणि साधा ‘उ’ हे दोन वेगळे स्वर आहेत, हे सुरुवातीला ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते बोलता कुठून येणार?

हे कप्पे कायमचे बंद होत नाहीत, ही चांगली बातमी. जपानी लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखता येत नाहीत, हे सर्वपरिचित आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत प्रौढ जपानी शिकणाऱ्यांना हे दोन आवाज असलेले शब्द काही आठवडे ऐकवले गेले आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक ते लगेच सांगितले गेले. त्यांची ओळख सुधारली. त्यातली महत्त्वाची बाब अशी की, अनेक वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकवले तर ही सुधारणा नव्या, अनोळखी आवाजांनाही लागू पडली. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकून तयार झालेला कान त्या शिक्षकापुरताच तयार होतो. आपल्याकडच्या क्लासमध्ये नेमके हेच घडते.

वयाचा बाऊ मात्र प्रमाणाबाहेर केला जातो. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीचे विश्लेषण केले. नव्या भाषेचे व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण साडेसतरा वर्षांपर्यंत टिकून राहते आणि मग उतरू लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बातम्यांमध्ये त्याचा अर्थ ‘अठरानंतर भाषा येत नाही’ असा लावला गेला. अभ्यास तसे म्हणत नाही. जन्मभाषकासारखे बिनचूक व्याकरण येणे अवघड होते, एवढाच त्याचा अर्थ. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरचा १९७८ चा एक जुना अभ्यास तर उलटेच चित्र दाखवतो. पहिल्या काही महिन्यांत मोठ्या मुलांनी आणि प्रौढांनी लहानग्यांना मागे टाकले होते. मोठ्यांना नियम समजतो, पाठ करता येते, तुलना करता येते. लहान मुले पुढे जातात ती वर्षानुवर्षांच्या सहवासाने, आणि चुकताना ती लाजत नाहीत म्हणूनही.

प्रौढ मेंदू बदलतो याचा पुरावा स्वीडनच्या लष्करी दुभाषा प्रबोधिनीतून आला. तिथे तरुण भरतीवाल्यांना अरबी, रशियन, दारी अशा भाषा अत्यंत वेगाने शिकवतात. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार आणि बाह्यपटलाच्या काही भागांची जाडी वाढलेली दिसली. तितकाच अभ्यास करणाऱ्या, पण भाषा न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ती वाढ नव्हती. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्थात ते निवडलेले, दिवसभर दुसरे काही न करणारे तरुण होते. रुग्णालयातली बारा तासांची ड्युटी करून ऑनलाइन क्लासला बसणाऱ्या परिचारिकेशी त्यांची तुलना करता येत नाही.

मग वेळ किती लागतो? परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी बहुतेक जर्मन राज्यांत बी२ पातळी लागते. तिथवर पोहोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिका लागतात, असा ग्योथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. घड्याळी तासांत तो साडेचारशे ते सहाशे होतो, आणि त्यात घरचा अभ्यास धरलेला नाही. रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस असे चार महिने शिकवले तरी जेमतेम तीनशे तास भरतात. म्हणजे फार तर बी१ च्या उंबरठ्यापर्यंत मजल. ‘चार महिन्यांत जर्मन’ ही पाटी खोटी नाही, पण कोणती जर्मन ते ती सांगत नाही.

मराठी भाषकाला काही गोष्टी आयत्या मिळतात. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी याचे इंग्रज विद्यार्थ्याला जेवढे नवल वाटते तेवढे आपल्याला वाटत नाही. फक्त कोणती वस्तू कोणत्या लिंगाची ते पुन्हा पाठ करावे लागते. ‘कारण मला ताप आहे’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते, जर्मनमध्येही अशा उपवाक्यात ते शेवटीच जाते. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांसाठी जर्मनला सुमारे नऊशे तास धरते आणि फिनिशला अकराशे. या तासांचे आकडे मराठी भाषकाला तसेच्या तसे लावता येणार नाहीत.

फिनिशचा उल्लेख मुद्दाम. फिनलंडही परदेशी परिचारिकांच्या शोधात आहे, आणि पुस्तकातली भाषा व तोंडातली भाषा यांतली दरी फिनिशइतकी उघडपणे दाखवणाऱ्या भाषा थोड्या. पुस्तकात ‘मी आहे’ला ‘मिना ओलेन’ असते. हेलसिंकीच्या बसमध्ये ते ‘मा ओन’ होऊन येते. पंधरा विभक्ती घोकून परीक्षा पास झालेला माणूस दुकानात गेला की गोंधळतो, कारण त्याने शिकलेले शब्द तिथे अखंड स्वरूपात कोणी उच्चारतच नाही. हे विचित्र वाटत असेल तर मराठीकडे पाहावे. ‘मी येत आहे’ असे फोनवर कोणी म्हणत नाही, ‘येतोय’ म्हणतात. आणि भंडाऱ्यात ‘येऊन राहिलो’. परक्या माणसाला ही तीन वेगळी वाक्ये आहेत.

बाडेन-वुर्टेम्बर्गच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद आहे. या राज्याने १९९९ पासून २०२१ पर्यंत आपल्या जाहिरातीत अभिमानाने मिरवलेले वाक्य होते: आम्हाला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन सोडून. विनोद असला तरी त्यात तथ्य आहे. स्टुटगार्ट आणि आसपासच्या भागात श्वेबिश बोली चालते. तिथल्या म्हाताऱ्या रुग्णाच्या तोंडी ‘टेपिख’ हा शब्द आला तर तो पांघरायचे ब्लँकेट मागत असतो. प्रमाण जर्मनमध्ये त्याचा अर्थ गालिचा. ‘हेबेन’ म्हणजे पुस्तकात उचलणे, श्वेबिशमध्ये धरणे. पलंगावरून उतरताना रुग्ण ‘धर’ म्हणतो आणि परिचारिका उचलायला जाते, हा प्रकार दोघांच्याही कंबरेला महागात पडू शकतो. ‘फूस’ म्हणजे पुस्तकात घोट्याखालचे पाऊल, श्वेबिशमध्ये मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पाय. दुखणे नेमके कुठे, हा वैद्यकीय नोंदीतला पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर बोलीवर अवलंबून.

गंमत म्हणजे इथे आसगावची मुलगी बर्लिनच्या परिचारिकेपेक्षा श्वेबिश रुग्णाच्या जवळची ठरते. मराठीतही ‘पाय’ म्हणजे सगळाच पाय आणि ‘हात’ म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात. फिनिशमध्येही तसेच आहे.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. ‘डोरा’ दुखतो म्हणणाऱ्या आजीचे बोलणे पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्या नव्या डॉक्टरला पहिल्या फटक्यात कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचेही आहे, म्हणजे राज्यभरातले विद्यार्थी आता या जिल्ह्यातल्या रुग्णांवर शिकणार. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा आहे. मात्र भंडाऱ्यात ‘स्थानिक भाषा’ म्हणजे नुसती मराठी असे धरले, तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे काही उरतच नाही, आणि आजीचा डोरा तिथेच राहतो. जर्मनीत जाणाऱ्या परिचारिकेकडून सहाशे तासांची अपेक्षा करणाऱ्यांनी इथल्या डॉक्टरकडून निदान सहा तासांची तरी करायला हरकत नाही.

रुग्णालयातले ऐकणे हे क्लासमधल्या ऐकण्याहून वेगळे का, याचे कारणही शारीरिक आहे. गोंगाटात प्रत्येकालाच कमी ऐकू येते, पण परभाषा ऐकणाऱ्याचे नुकसान जास्त होते. आपल्या भाषेत निम्मा शब्द ऐकला तरी उरलेला मेंदू भरून काढतो. परभाषेत त्याच्याकडे तेवढा साठा नसतो. त्यात मास्क, मशीनचे आवाज, कवळी काढलेला रुग्ण, फोनवरून घाईत सांगितलेला औषधाचा डोस आणि रात्रपाळीचा थकवा. बी२ ची परीक्षा शांत खोलीत होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला पुष्कळदा लहानपणची भाषाच शेवटपर्यंत साथ देते आणि जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत तशा रुग्णांना कमी नाही.

स्मृतिभ्रंशावरून आणखी एक. भाषा शिकल्याने हा आजार टळतो, असे सांगून क्लास विकणारेही आहेत. त्याला आधार म्हणून तेव्हा हैदराबादच्या निम्स रुग्णालयात असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या अभ्यासाचे नाव घेतले जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६४८ रुग्ण होते, आणि एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही फरक होता. मोलाचे काम आहे. पण ते लोक आयुष्यभर अनेक भाषांत वावरलेले होते. चाळिशीत केलेल्या क्लासचा तोच गुण येईल, असे त्यातून सिद्ध होत नाही. या निकषावर आसगावची चार भाषा बोलणारी मुलगी जर्मन न शिकताच पुढे आहे.

डॉक्टरांसाठी जर्मनीने वेगळी वैद्यकीय भाषा परीक्षा ठेवली आहे. वीस मिनिटे रुग्णाशी बोलायचे, वीस मिनिटांत त्यावर लिहायचे, वीस मिनिटे दुसऱ्या डॉक्टरला ते सांगायचे. सी१ पातळीची ही परीक्षा प्रत्यक्ष कामाच्या बरीच जवळ जाते. महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणात परिचारिकांसाठी असा सराव ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. पाळी बदलतानाचा अहवाल तोंडी द्यायचा, समोरच्याने मध्येच अडवायचे, न समजल्यास ‘पुन्हा सांगा’ म्हणायची सवय लावायची. ही शेवटची सवय आपल्याकडे सर्वांत अवघड. शाळेपासून ‘समजले का?’ या प्रश्नाला मान डोलवायची शिकवण मिळालेली असते, आणि वॉर्डात त्याच मान डोलावण्याने चुकीचे औषध दिले जाऊ शकते.

कान तयार करण्याचे साहित्य मोबाइलवर फुकट आहे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही चित्रमालिका अगदी पहिल्या पातळीपासून बी१ पर्यंत नेते, आणि त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या त्यापुढच्यांसाठी आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्गची प्रादेशिक वाहिनी एसडब्ल्यूआर हिचे कार्यक्रम इंटरनेटवर ऐकता येतात; तिथे शेतकरी, दुकानदार, निवृत्त कामगार त्यांच्या बोलीत बोलताना सापडतात. पहिल्या महिन्यात त्यातले काही कळणार नाही. रोज वीस मिनिटे, तोच तुकडा तीनदा, आणि दर आठवड्याला नवा माणूस, असे धरले तर निघण्याआधीच्या वर्षभरात शंभरावर तास भरतात.