नेपोलियनचा पहारा आणि असेन्शनची मांजरे

१/ "मांजरे मारून पक्षी परत आणणे ही निसर्गात ढवळाढवळ आहे, झाले ते झाले." असेन्शन बेटाचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो. तो भूतदयेचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी इतिहासाचे विस्मरण आहे.

२/ ऑक्टोबर १८१५. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत. त्याच्या सुटकेसाठी कोणी असेन्शनचा आसरा घेऊ नये म्हणून ब्रिटिशांनी दक्षिण अटलांटिकमधील या निर्मनुष्य बेटावर शिबंदी बसवली. जहाजांतून उतरलेल्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे आणली गेली.

३/ मांजरांना जमिनीवर घरटी करणारे समुद्रपक्षी सोपे सापडले. १८३६ मध्ये बीगल जहाजातून आलेल्या डार्विननेही मांजरांच्या उपद्रवाची नोंद केली आहे. जगात अन्यत्र कोठेही वीण न करणारा असेन्शन फ्रिगेट पक्षी मुख्य बेटावरून हटला आणि शेजारच्या बोसनबर्ड या चिमुकल्या खडकाळ बेटापुरता उरला.

४/ आता सांगा, यात 'निसर्ग' कोणता? ती मांजरे साम्राज्याच्या लष्करी गरजेतून तिथे आली. किल्ल्यावरची तोफ जितकी ऐतिहासिक, तितकीच तीही. ढवळाढवळ १८१५ मध्येच झाली होती.

५/ २००२ ते २००४ या काळात मोहीम राबवली गेली. २००६ मध्ये बेट भटक्या मांजरांपासून मुक्त घोषित झाले. २०१२ मध्ये फ्रिगेट पक्ष्यांची घरटी मुख्य बेटावर पुन्हा दिसली. त्यांना कोणी उचलून आणले नव्हते. वाट मोकळी होताच ते आपणहून आले.

६/ किंमत लपवू नये. या मोहिमेत काही पाळीव मांजरेही चुकून मेली आणि रहिवासी संतापले. तो संताप रास्त होता. पण त्यातून काम अधिक काळजीने करण्याचा धडा मिळतो, हात बांधून बसण्याचा नव्हे.

७/ 'झाले ते झाले' खरोखर कोणाला लागू पडते? १६३०-३२ च्या गुजरात-दख्खन दुष्काळासाठी आपण पीटर मंडीचे प्रवासवर्णन वाचतो. याच मंडीने १६५६ मध्ये असेन्शनवर न उडणारा एक पक्षी पाहिला, त्याचे चित्रही काढले. आज त्याची हाडे आणि मंडीची नोंद एवढेच शिल्लक आहे.

८/ तो पक्षी परत येणार नाही. फ्रिगेट पक्षी येऊ शकत होता, आला. या दोहोंतील फरक ओळखणे हेच इतिहासाचे काम. जे भरून काढता येते, त्यालाही 'झाले ते झाले' म्हणणे ही तटस्थता नव्हे. ती जबाबदारी झटकणे आहे.