नागसेन हे नाव ठेवताना

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात मूल जन्मास आले म्हणजे पाहुण्यारावळ्यांत पहिला खल होतो तो नावाचा. राहुल, सिद्धार्थ, गौतम, सुजाता ही नावे आता चहूकडे रूढ झाली आहेत. ती कोणाही घरात ठेवली जातात. नागसेन या नावाची गोष्ट निराळी आहे. ते आपल्या वस्त्यांच्या कमानींवर दिसते, विहारांच्या पाट्यांवर दिसते. परंतु महाराष्ट्रात आपल्या समाजाबाहेर ते क्वचितच ऐकू येते. म्हणूनच अलीकडे काही सुशिक्षित आईबाप हे नाव ठेवण्यास कचरतात. शाळेत, कचेरीत, भाड्याचे घर पाहावयास गेले असता दारातच, नाव उच्चारताक्षणी मुलाची जात ओळखली जाईल, अशी त्यांची भीती असते. ही भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ज्या नावाविषयी ती बाळगली जाते ते नाव मुळात आहे तरी काय, याची पुरती चौकशी करून मगच या बांधवांनी निवाडा करावा, एवढी आमची विनंती आहे. पुरावा न वाचता निकाल देणे न्यायाधीशास शोभत नाही, तसे ते बापासही शोभत नाही.

‘नाग’ आणि ‘सेना’ हे दोन शब्द मिळून हे नाव झाले. ज्याची सेना नागांची आहे तो नागसेन. आता नाग म्हणजे केवळ फणा काढणारा सर्प, अशी पुष्कळांची समजूत आहे. पाली व संस्कृत भाषांत नाग म्हणजे सर्प होय, तसाच हत्तीही होय. चिनी भाषेत नागसेनाच्या कथेचे जे जुने भाषांतर आहे, त्यात तर या नावाचा उगमच हत्तीपाशी नेला आहे. मूल जन्मले त्याच दिवशी त्या घरी एक हत्तीचे पिल्लूही जन्मले, आणि म्हणून आईबापांनी मुलाचे नाव हत्तीवरून ठेवले, असे तेथे सांगितले आहे. याखेरीज तिसरा एक अर्थ आहे, आणि आमच्या मते तोच नव्या बौद्ध कुटुंबांनी ध्यानात धरावा असा आहे. अंगुत्तर निकायात भगवान बुद्ध उदायी नावाच्या भिक्खूशी बोलताना नाग या शब्दाची स्वतःची व्याख्या करतात. एक थोराड हत्ती पाहून लोक ‘काय हा नाग!’ असे उद्गार काढीत होते. त्यावर तथागतांनी सांगितले की, जो कायेने, वाचेने व मनाने पाप करीत नाही, त्यास मी नाग म्हणतो. अंगाच्या आकाराने मोठेपण ठरवावयाचे नाही आणि कुळानेही ठरवावयाचे नाही. ते आचरणाने ठरवावयाचे, हा या व्याख्येचा रोख आहे.

हे नाव एका पंथाचे वा एका जातीचे कधीच नव्हते. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात, त्याने ज्या आर्यावर्तातील राजांचा उच्छेद केला त्यांच्या यादीत नागसेन नावाचा राजा आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त नागकुळातील एका नागसेनाचा उल्लेख केला आहे. सारिकेने, म्हणजे पाळीव साळुंकीने, त्याचे गुपित फोडले आणि पद्मावती नगरीत त्याचा नाश झाला! (वकिलाच्या कचेरीत पक्षी पाळू नये, याला याहून जुना दाखला आम्हांस ठाऊक नाही.) दिगंबर जैनांच्या प्राचीन आचार्यांच्या परंपरेतही एक नागसेन आहेत. म्हणजे राजे, आचार्य आणि भिक्खू यांनी मिरविलेले हे नाव आहे.

परंतु आपल्या घरात ते आले ते ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील स्थविर नागसेनामुळे. त्यांच्या जन्माची हकीकत त्या ग्रंथात दिली आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कजंगल नावाच्या ब्राह्मणांच्या गावी सोणुत्तर ब्राह्मणाच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या घराच्या दारी रोहण नावाचे स्थविर सात वर्षे दहा महिने भिक्षेसाठी येत राहिले. इतक्या काळात त्यांना पळीभर भातही मिळाला नाही. मिळाले ते अपशब्द. एके दिवशी मात्र घरातून कोणी तरी सभ्य शब्दांत, ‘पुढे व्हा, महाराज’ असे म्हटले. वाटेत सोणुत्तराने टोचून विचारले, ‘आमच्या घरी काही मिळाले का?’ स्थविर म्हणाले, ‘होय, मिळाले.’ ब्राह्मणाने घरी येऊन चौकशी केली, तर कोणीच काही दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी या भिक्षूस खोटारडा ठरवावयाचे असे योजून तो दारातच बसला. तेव्हा स्थविरांनी शांतपणे उत्तर दिले की, इतक्या वर्षांत या दारी सभ्य नकारही मिळाला नव्हता, तो काल मिळाला. तेच मी सांगितले. साधा गोड शब्द मिळाला तर जो माणूस त्याची एवढी किंमत करतो, त्याला अन्न मिळाले तर तो काय म्हणेल, असे ब्राह्मणाच्या मनात आले, आणि त्या दिवसापासून त्या घराचे दार उघडले. ज्यांच्या आजा-पणजांनी दुसऱ्यांच्या दारी उभे राहून अपशब्द आणि शिळे तुकडे एकदमच झेलले, त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे वेद शिकून ते भुशासारखे निःसत्त्व आहेत असे या मुलास वाटले, तो रोहणांपाशी प्रव्रजित झाला, पाटलिपुत्राच्या अशोकारामात धम्मरक्खितांपाशी त्रिपिटक शिकला, आणि अखेर सागल नगरात, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते आज पाकिस्तानात असलेल्या सियालकोटात, यवन राजा मिलिंद याच्यासमोर वादास बसला. आमच्या विषयाच्या दृष्टीने मौज अशी की, या जगप्रसिद्ध संवादाचा आरंभच नावापासून होतो. राजाने नाव विचारले. स्थविर म्हणाले, मला नागसेन म्हणून ओळखतात. आईबाप नागसेन म्हणतात, तसे शूरसेन, वीरसेन किंवा सिंहसेनही म्हणतात. परंतु ही केवळ व्यवहारातील संज्ञा आहे, या नावामागे कोणी नित्य असा ‘पुरुष’ सापडत नाही. राजा चाणाक्ष होता. त्याने कायद्यातील पेच घातला. जर पुरुषच नाही, तर चीवर कोण स्वीकारतो, शील कोण पाळतो, आणि तुम्हांस कोणी ठार मारले तर खून झालाच नाही असे म्हणावयाचे काय? केस, नखे, दात, अस्थी यांपैकी नागसेन कोणता? स्थविरांनी उलट राजाच्या रथाचीच उलटतपासणी घेतली. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? नाही, नाही, असे म्हणता म्हणता राजालाच कबूल करावे लागले की, हे सर्व भाग एकत्र आले असता ‘रथ’ ही संज्ञा व्यवहारात येते. भागांपलीकडे रथ म्हणून दुसरी वस्तू नाही.

काही मंडळी यावरून असा अर्थ काढतात की, नाव जर केवळ संज्ञा, तर ते कोणतेही ठेवले तरी सारखेच. हा अर्थ चुकीचा आहे. नागसेनांनी व्यवहार नाकारला नाही आणि जबाबदारीही नाकारली नाही. त्याच ग्रंथात आंबे चोरणाऱ्याचा दृष्टान्त आहे. चोर म्हणतो, धन्याने लावलेले आंबे निराळे आणि मी तोडलेले निराळे. राजा त्याला सोडणार काय? सोडणार नाही, कारण पहिल्या आंब्यापासूनच दुसरा झाला. नित्य आत्मा नसला तरी कृत्याचे उत्तर द्यावेच लागते. नाव हे त्या उत्तरदायित्वाचे चिन्ह होय. दस्तावर सही होते ती नावाने, आणि समन्स निघते तेही नावानेच.

नाकारले गेले ते दुसरेच काही. नावाच्या पाठीमागे जन्मापासून चिकटलेले, न बदलणारे, शुद्ध किंवा अशुद्ध असे काही तत्त्व असते, ही कल्पना त्यांनी नाकारली. आणि जातिव्यवस्था उभी आहे ती नेमकी याच कल्पनेवर. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे असावे, असा विधी सांगितला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जो ग्रंथ जाळला गेला, त्यात माणसाच्या नावावरही असा पहारा बसविलेला होता. दगडू, धोंडू, कचरू ही नावे मूल जगावे म्हणून इतर जातींतही ठेवीत, हे खरे आहे. परंतु इतरांच्या घरचा धोंडू मोठा झाल्यावर धोंडोपंत होई, आणि आमच्या घरचा धोंडू म्हातारा झाला तरी पोरासोरांच्या तोंडी धोंड्याच राही. म्हणून आमची एक घरगुती सूचना आहे. नागसेन नाव ठेवले तर लाडाने का होईना, ‘नाग्या’ म्हणू नका. आपण घरात जे म्हणू, तेच गल्ली म्हणेल.

आता दुसरे नाव पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले. त्याला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही त्यांनी एकाच जागी वसविले. नंतर मात्र या दोन नावांच्या वाटा फुटल्या. मिलिंद हे नाव महाराष्ट्रातील सर्व जातींच्या घरांत शिरले; नागसेन आपल्याच वस्तीत राहिले. कारण सरळ आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. तो गोड अर्थ घेऊन लोकांनी हे नाव बिनदिक्कत ठेवले. वस्तुतः ग्रंथातला मिलिंद म्हणजे ग्रीक मेनान्द्रोस. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत त्याचे नाव आहे. सनातन्यांच्या भाषेत तो म्लेंच्छ, आणि नागसेन जन्माने ब्राह्मणपुत्र. म्लेंच्छाचे नाव सोवळ्यांच्या घरी सुखाने नांदते आणि ब्राह्मणपुत्राचे नाव ऐकून घरमालक जात ताडतो! नावामागे जात नसते, ती ऐकणाऱ्याच्या मनात असते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बुद्धाच्या धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले होते आणि नागपूरची निवड त्याच कारणाने केल्याचे स्पष्ट केले होते. तो अभिमान योग्यच आहे. मात्र स्थविर नागसेन नागवंशीय होते, असे काही लेखांतून ठोकून दिले जाते, ते मिलिंदपञ्हाला धरून नाही. अभिमानासाठी ग्रंथ वाकविण्याची गरज नाही.

भारताबाहेरही हे नाव परके नाही. चीनमधील विहारांत अठरा अर्हतांच्या ओळीत नागसेन नावाचा अर्हत कान कोरताना दाखवितात. श्रवण शुद्ध ठेवावे, असा त्याचा अर्थ सांगतात. थायलंडमध्ये बँकॉकच्या पाचूच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या बुद्धमूर्तीची घडण पाटलिपुत्रात नागसेनांनी करविली, अशी आख्यायिका आहे.

मुलीच्या आईबापांसाठीही एक नाव सुचवितो. रथाचा दृष्टान्त नागसेनांचा स्वतःचा नव्हे. तो संयुत्त निकायात वजिरा नावाच्या भिक्खुणीने माराला उत्तर देताना योजलेला आहे, आणि मिलिंदपञ्हात तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. वजिरा म्हणजे वज्र. हे नाव ठेवलेली मुलगी अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

आता कायद्याविषयी. नाव ही व्यक्तीची ओळख असून ती राखणे व बदलणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली शालेय प्रमाणपत्रांवरील नावांच्या प्रकरणात म्हटले आहे. नाव बौद्ध ठेवल्याने अनुसूचित जातीचा हक्क बुडतो, हा समज खोटा आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झालेला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मुलाचे नाव न घालताही जन्म नोंदविता येतो. नोंदीपासून बारा महिन्यांच्या आत नाव कळविल्यास शुल्क पडत नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागणार असल्याने ही चालढकल आता महागात पडेल. मोठेपणी नाव बदलावयाचे तर राजपत्रात प्रसिद्धी, आणि मग एकेका कागदावर दुरुस्ती, अशी पायपीट आहे. नागसेन या नावाची खरी अडचण इंग्रजी लेखनात येते. ‘ग’ नंतर ‘ए’ हे अक्षर घालावे की नाही, यावर बाप एक लिहितो, शाळेचा कारकून दुसरे आणि बँक तिसरे. यांपैकी कोणतेही रूप चूक नाही. परंतु जन्मदाखल्यावर जे पडेल, तेच पुढे प्रत्येक अर्जात अक्षर न बदलता उतरवावे, आणि नोंदणी कचेरीत जाताना ते कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून न्यावे.